मुलीकडचे की मुलाकडचे?

विश्रांतवाडीच्या रणपिस्यांकडे लग्न ठरलं, की बाकी सगळं नंतर. आधी हिराताईंनी हॉल बघून यायचा. धाकट्या बहिणीचं लग्न, भावाचं लग्न, मग चुलत-मावस भावंडांच्या मुलाबाळांची लग्नं, सगळी त्यांनी पास केलेल्या हॉलमध्ये लागली. हॉलवाला कौतुकाने स्टेजकडे निघायचा आणि हिराताई त्याला तिथेच सोडून उलट्या दिशेने संडास-बाथरूमकडे जायच्या. नळ सोडून बघायच्या. हात धुवायच्या जागी पाणी तुंबतं का ते बघायच्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून डोकावून खरकटं कुठे पडतं त्याचा वास घ्यायच्या. आणि सगळ्यात शेवटी नवरीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायच्या. कडी नीट लागली नाही तर हॉल नापास. स्टेज कसंही असलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. स्टेजवर सगळ्यांचं लक्ष असतं, तिथे कुणाची अडचण होत नाही.

त्यांचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं होतं. पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून त्या नुकत्याच लागल्या होत्या, तेव्हा वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भाऊ मच्छिंद्र शाळेत, बहीण त्याहून लहान. स्थळं येत होती. पोहे व्हायचे, मुलीची नोकरी पक्की आहे ना हे विचारून व्हायचं, आणि वडिलांकडे कोण बघणार हा विषय इकडून निघाला की पाहुणे कपात अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे. वडील अंथरुणाला खिळून बरीच वर्षं राहिले. ते गेले तोवर बिजवरांची स्थळं येऊ लागली होती. मग तीही कमी झाली. एक वर्ष असं गेलं की कुणी विचारलंच नाही, आणि ते घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. हिराताईंच्या आलं होतं. पण त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मच्छिंद्रला शिकवलं, त्याचा संसार त्याच घरात मांडून दिला आणि त्याची मुलगी निकिता आईपेक्षा आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढली.

त्या निकिताचं लग्न ठरलं तेव्हा हॉल बघायला मुलाकडूनही एक जण आला. मुलगा रोहन, त्याच्या वडिलांना सुट्टी मिळेना म्हणून त्याचे मामा आले. दशरथ ओव्हाळ. हडपसरला राहणारे, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर ठेवणारे. आळंदी रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये हिराताईंची तपासणी संपेपर्यंत ते काही न बोलता मागे मागे फिरले. हॉल पास झाला. मग ते म्हणाले, "सगळं छान बघितलंत. मागचा जिना तेवढा बघू या का?"

मागचा जिना मोडक्या खुर्च्यांनी खचाखच भरलेला होता. आग लागली असती तर त्या बाजूने मांजरही बाहेर पडलं नसतं.

"छापखान्यात कागदच कागद," दशरथराव अपराध्यासारखे म्हणाले. "सवय लागली जिना बघायची."

हिराताईंना राग आला. घरी येऊन त्या निकिताला म्हणाल्या, "तुझे मामेसासरे फार चिकित्सक आहेत." पण हॉल त्यांनी बदलला, आणि पुढच्या दोन हॉलमध्ये जिना आधी बघितला.

लग्न झालं आणि दशरथरावांचा फोन येत राहिला. आधी काहीतरी निमित्त असे. उरलेल्या पत्रिकांचं, फोटोंच्या अल्बमचं. मग निमित्त लागेनासं झालं. त्यांची बायको आजारपणात जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा बुद्धभूषण नागपुरात नोकरीला. रविवारी सकाळी ते विचारायचे, "आज काय केलंत?" हिराताई म्हणायच्या, "वांग्याची भाजी." ते म्हणायचे, "मी पण वांगंच आणलंय, पण ते करायचं कसं?" मग भाजी होईपर्यंत फोन चालू राहायचा. बुद्धपौर्णिमेला विहारात दोघं भेटले. त्यानंतर अधूनमधून विश्रांतवाडीच्या बसस्टॉपवर भेटू लागले, कारण तिथे कुणीही कुणाशीही बोलत उभं राहू शकतं.

तिथेच एका संध्याकाळी दशरथराव म्हणाले, "मला एक विचारायचंय. लगेच हो म्हणा असं नाही. ऐकून तरी घ्या." आणि त्यांनी विचारलं.

हिराताई म्हणाल्या, "बस आली." आणि चढून गेल्या. ती त्यांची बस नव्हती. येरवड्याला उतरून त्या रिक्षाने परत आल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या गॅलरीत जाऊन त्यांनी फोन लावला. "काल बस आली, म्हणून बोलणं राहिलं," त्या म्हणाल्या. "हो."

निकिताला कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग रडली. "म्हणजे आता मी तुला आत्या म्हणू की मामी? मामेसासूबाई? ओ गॉड, आत्या, इट्स सो क्यूट." मच्छिंद्रला सांगायला हिराताईंना मात्र फार वेळ लागला. एका कंपनीत स्टोअर सांभाळणारा, कमी बोलणारा, मुलीच्या लग्नानंतर आणखी शांत झालेला हा भाऊ बातमी ऐकून बराच वेळ टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता.

"करायचं तर कर, ताई," तो शेवटी म्हणाला. "मी नाही म्हणणारा कोण. पण गाजावाजा नको. रजिस्टर ऑफिसात सही करून मोकळे व्हा. ह्या वयात स्टेजवर बसायचं म्हणजे..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. हिराताई म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं." दशरथरावांनाही त्यांनी तसंच कळवलं. ते म्हणाले, "तुमचं मन असेल तसं."

निकिताने मात्र हट्ट धरला. सही कुठेही करा, पण चार माणसांना जेवायला तर घालावं लागेल, त्यासाठी छोटासा हॉल बघू. बघायला काय जातं. मार्गशीर्ष सरत आला होता, हवा चांगली होती. एका रविवारी निकिताच्या गाडीत पुढे दशरथराव आणि मागे हिराताई असे तिघं निघाले.

पहिलं ठिकाण वाघोलीकडचं, मोठं लॉन. निकिताने मोबाइलवर शोधलेलं. फाटकातच काळा कोट घातलेली अस्मिता नावाची मुलगी हसतमुखाने उभी होती.

"वेलकम सर, वेलकम मॅम. मुलीकडचे की मुलाकडचे?"

हिराताई इतकी वर्षं हॉल बघत होत्या, हा प्रश्न प्रत्येक दारात त्यांना विचारला गेला होता. उत्तर तोंडातच होतं. "मुलीकडचे," त्या म्हणाल्या. "भाचीचं आहे."

निकिताने वळून बघितलं. दशरथराव लॉनवरच्या गवताकडे बघू लागले. गवत प्लॅस्टिकचं होतं.

अस्मिताने त्यांना नवरा-नवरी जिथून येणार ती कमान दाखवली, धूर सोडायचं यंत्र दाखवलं, वर ड्रोन कुठून फिरतो ते दाखवलं. "कपल कसं आहे मॅम? म्हणजे एज ग्रुप सांगितलात तर मी थीम तशी सजेस्ट करते."

"वय बेताचं आहे," हिराताई म्हणाल्या.

निकिता खोकायचं निमित्त करून बाजूला गेली. हिराताईंनाही क्षणभर हसू आलं, आणि आपण भाचीची बतावणी किती सहज केली याचं त्यांना बरंही वाटलं. नळाला पाणी बारीक होतं. लॉन नापास झालं.

दुसरं ठिकाण हडपसरला, दशरथरावांच्या घराजवळ. भाजी मंडईच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या माणसाने दशरथरावांना ओळखलं. "काय ओव्हाळ साहेब, पोराचं काढलं का?" दशरथरावांनी हिराताईंकडे बघितलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नाही, आमच्याकडचं आहे. हे ओळखीने आले आहेत सोबत." तो माणूस बरं म्हणाला आणि त्यानंतर सगळं निकितालाच सांगू लागला. लिफ्ट नव्हती. हिराताईंची गुडघेदुखीवाली मावशी दोन मजले चढणार नव्हती. तोही नापास. खाली उतरताना दशरथराव जिन्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी जेवून ते नारायण पेठेत आले. गाडी कुठेच लागेना. निकिताने त्या दोघांना कार्यालयाच्या दारात उतरवलं आणि गाडी नदीकाठी लावून ती चालत आली. जुनं, तळमजल्यावरचं, बसकं कार्यालय. शहाबादी फरशी, उंच छत, भिंतींना नुकताच पांढरा रंग दिलेला. चालवणारे श्रीनिवासराव सत्तरी ओलांडलेले, टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

"बघा," ते म्हणाले. "उघडंच आहे सगळं."

हिराताईंना हे आवडलं. त्यांनी नळ सोडला, पाणी धो धो आलं. मोरी कोरडी होती. दशरथराव मागच्या दाराकडे गेले आणि परत येऊन त्यांनी नुसती मान हलवली. मागची वाट मोकळी होती.

"गाड्या कुठे लावायच्या लोकांनी?" निकिताने विचारलं.

"घरी," श्रीनिवासराव म्हणाले. मग हिराताईंकडे वळून, "मुलीकडचे का?"

"हो. भाचीचं आहे."

"मुहूर्त कुठला धरलाय?"

"आमच्यात मुहूर्त नसतो," हिराताई म्हणाल्या. "बौद्ध पद्धतीने लागेल."

श्रीनिवासरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. असं थांबणं हिराताईंनी पूर्वीही अनुभवलं होतं. अशा थांबण्यानंतर तारीख नेमकी गेलेली असते, किंवा त्या दिवशी रंगकाम निघतं. त्यांनी पर्सचा बंद घट्ट धरला.

"म्हणजे सांगितलेल्या वेळेला लागणार?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"दहा म्हटलं तर दहाला."

"मग तुम्हाला काय, कुणीही हॉल देईल. आमच्याकडे मुहूर्त काढून येतात आणि तो टळल्यावर तासाभराने लावतात. जेवणं लांबतात आणि आचारी मला बोलतो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. मुलगी काय करते?"

"नोकरी. सरकारी."

"उत्तम. आणि मुलगा?"

मग दशरथराव खाली बघत म्हणाले, "सरकारी छापखान्यात होता."

"होता म्हणजे?"

"म्हणजे सोडली त्याने," निकिता मध्ये पडली. "आता फ्रीलान्सिंग करतो."

"हं," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांनी दशरथरावांकडे जरा जास्त वेळ बघितलं. "खोली बघून घ्या. उजव्या हाताला."

नवरीची खोली लहानशी होती. हिराताईंनी आत जाऊन कडी लावली. पक्की लागली. मग सवयीने त्या आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या. उजेड तोंडावर पडतो की पाठीवर, हे त्या नेहमी बघायच्या. खिडकीतला उजेड बरोबर तोंडावर पडत होता. आरशात पंचावन्नच्या आसपासची, सावळी, केसांना मेंदीचा तांबूस रंग चढलेली एक बाई मांडीवर पर्स धरून बसली होती, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावी तशी. हिराताई किती वेळ बघत राहिल्या त्यांनाही कळलं नाही. आजवर असंख्य आरशांसमोर त्या बसल्या होत्या, पण त्यात त्यांनी फक्त उजेड बघितला होता.

बाहेरून निकिताने हळूच टकटक केलं. "आत्या, लाइट कसा आहे?"

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि कडी काढली.

श्रीनिवासरावांना दोन दिवसांत सांगतो असं सांगून ते बाहेर पडले. निकिता गाडी आणायला गेली. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये दोघांनी चहा घेतला. दशरथराव सकाळपासून फार बोलले नव्हते. चहा निम्मा झाल्यावर ते म्हणाले, "एक विचारू? माझी लाज वाटते का तुम्हाला?"

"तुमची नाही," हिराताई म्हणाल्या.

"मग?"

"माझी."

शेजारच्या बाकावर दोन कॉलेजची पोरं मोठ्याने हसत होती. दशरथरावांनी ती शांत होईपर्यंत वाट बघितली.

"सकाळपासून तीन ठिकाणी मी मुलीचा कुणीतरी झालो," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. पण आमचं पहिलं लग्न गावाकडे झालं, घरासमोर मांडव घालून. कुठे जागा बघायला जावं लागलं नाही. रमानं सगळं निभावलं माझ्याबरोबर, तिच्याबद्दल मी कधी खोटं बोललो नाही. तुमच्याबद्दलही बोलायला जीभ वळत नाही. ते छापखान्याचं म्हणूनच तोंडातून गेलं." थोडं थांबून ते म्हणाले, "रजिस्टर करू म्हणालात, मी हो म्हटलं, तुमचं मन असेल म्हणून. ते तुमचंच आहे ना?"

हिराताईंना मच्छिंद्रचं अर्धवट सोडलेलं वाक्य आठवलं. ते वाक्य त्यांनी स्वतःच पुरं केलं होतं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि आता ते मुळात कुणाचं होतं हेही त्यांना सांगता येत नव्हतं.

निकिताने हॉर्न वाजवला. दोघं उठले.

दुसऱ्या दिवशी हिराताईंनी दुपारनंतरची रजा टाकली. ऑफिसात कारण सांगितलं, घरचं काम. स्टेशनवरून बस घेऊन त्या एकट्याच नारायण पेठेत गेल्या. श्रीनिवासराव त्याच खुर्चीत होते.

"कालच्या भाचीकडच्या," ते म्हणाले. "ठरलं का?"

"मी काल खोटं बोलले," हिराताई उभ्यानेच म्हणाल्या. बसमध्ये त्यांनी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता जवळ नव्हतं. "भाचीचं लग्न नाही. माझं आहे. काल बरोबर होते ते, त्यांच्याशी."

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून पुसला. "फ्रीलान्सिंग करतात ते?"

"निवृत्त आहेत."

"वाटलंच. त्या पोरीने फ्रीलान्सिंग म्हटल्यावर त्यांनाच दचकायला झालं." त्यांनी चष्मा परत लावला. "बसा. एवढ्यासाठी रजा टाकून आलात? फोनवर सांगायचं होतं."

"फोनवर सांगता आलं नसतं."

"मग बरोबर केलंत." ते ड्रॉवर उघडून पावतीपुस्तक शोधू लागले. "आमच्या पावतीवर वयाचा रकाना नाही. असता तर इथली निम्मी लग्नं अडली असती. नाव सांगा."

"कुणाचं?"

"नवरीचं. दुसऱ्या कुणाचं लिहू?"

"हिरा," त्या म्हणाल्या. नुसतं नाव सांगून त्यांना कसंतरी वाटलं, कारण गेली कित्येक वर्षं त्या सगळीकडे रणपिसे मॅडम होत्या, नाहीतर ताई. "हिरा रणपिसे."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी दशरथरावांना फोन केला. "नारायण पेठेतला हॉल घेतला," त्या म्हणाल्या.

"जेवणासाठी?"

"लग्नासाठी. स्टेजवर बसायचंय तुम्हाला. पांढरा शर्ट आहे ना बरा? नाहीतर घेऊ."

दशरथराव पलीकडून म्हणाले, "घेऊ. तुम्ही या बरोबर. मला कापडातलं कळत नाही."

संध्याकाळी घरी मच्छिंद्र जेवायला बसला होता. हिराताईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि सांगितलं. त्याची बायको आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"लोक हसतील, ताई," मच्छिंद्र म्हणाला.

"हसू देत. खुर्च्या भरपूर आहेत हॉलमध्ये. बसून हसतील."

"तसं नाही." त्याने भाकरी मोडली पण खाल्ली नाही. "निकिता गेली तेव्हा घर एवढं रिकामं झालं. मी म्हटलं ताई आहे. आता तू पण..." पुन्हा त्याचं वाक्य तुटलं. हिराताईंना वाटलं की ह्याही वेळी आपण ते पुरं करावं. पण त्या गप्प बसल्या. त्याचं त्याला पुरं करू द्यावं म्हणून.

"सही करून गेली असतीस," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "तर काही बदललं असं वाटलं नसतं. ऑफिसला गेलीस असं वाटलं असतं. हॉल घेतला म्हणजे तू खरंच जाणार."

बाबांना झटका आला त्या दिवशी हा पोरगा दप्तर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला होता आणि आत यायला तयार नव्हता, हे हिराताईंना आठवलं. तेव्हा त्याच्याजवळ बसायला त्यांना वेळ झाला नव्हता. आता त्या पाट ओढून त्याच्याजवळ बसल्या. "हडपसरला जातेय," त्या म्हणाल्या. "परदेशी नाही. दोन बस बदलल्या की आलं. जेव आता, भाकरी वातड होईल."

तो जेवला. नंतर काही दिवस तो फार बोलला नाही, पण पत्रिका आल्यावर पाकिटांवर नावं त्यानेच घातली, आणि ज्या नातेवाइकांना बोलवू नये असं आधी त्यालाच वाटत होतं, त्यांच्याकडे तो स्वतः जाऊन आला.

लग्नाच्या दिवशी दहा वाजता हॉल भरला. गुडघेदुखीवाली मावशी पहिल्या रांगेत बसली. हिराताईंच्या ऑफिसातल्या बायका एकसारख्या निळ्या साड्या नेसून आल्या होत्या आणि कुणी सांगितलं नसतानाही वाढायला उभ्या राहिल्या. निकिताने आत्याला पांढरी, बारीक जरीची साडी नेसवली, केसांत मोगरा माळला, आणि आरशासमोर उभं करून म्हणाली, "बघ तरी." ह्या वेळी हिराताईंनी बघितलं, आणि दोन पिना काढून टाकायला लावल्या.

स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा मांडल्या होत्या, मेणबत्त्या होत्या, पांढऱ्या कापडावर फुलं. बौद्धाचार्य तरुण होते, दिवसभरात त्यांची आणखी दोन लग्नं होती. माइक हातात घेऊन ते सवयीने म्हणाले, "वधूचे आई-वडील आणि वराचे आई-वडील यांनी पुढे येऊन प्रतिमांना पुष्प अर्पण करावं."

हॉल शांत झाला. बौद्धाचार्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माइक खाली घेतला. हिराताईंनी हातातल्या हाराकडे बघितलं. तेवढ्यात मधल्या रांगेतून मच्छिंद्र उठला. बायकोचा हात धरून तो खुर्च्यांमधून वाट काढत आला, पायातली चप्पल पायरीशी काढली आणि स्टेजवर चढला.

"वधूकडून मी आहे," तो माइकशिवायच म्हणाला. "धाकटा आहे, पण मीच."

वराकडून कोण, म्हणून सगळे बघू लागले. नागपूरहून आलेला बुद्धभूषण मागे भिंतीला टेकून उभा होता. सकाळपासून तो सगळ्यांशी नीट वागला होता, पण अंतर राखून. हिराताईंना त्याने जयभीम केला होता आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून तिथून निघून गेला होता. आता वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. तो पुढे आला. कुणीतरी म्हणालं, "बापाचा पालक आला," आणि सगळा हॉल हसला. मोठ्याने, मनापासून. बुद्धभूषणही हसला, दशरथरावही, आणि हिराताईंच्या लक्षात आलं की आपणही हसतोय. मच्छिंद्र तेवढा हसला नाही. तो मेणबत्ती पेटवत होता, आणि काडी विझत होती. दुसऱ्या काडीला बुद्धभूषणने हाताचा आडोसा केला.

त्रिशरण, पंचशील झालं. दोघांनी माइकवर प्रतिज्ञा म्हटल्या. दशरथरावांचा आवाज थरथरला, हिराताईंचा नाही. हार घातले, फुलं पडली. श्रीनिवासराव दाराशी उभे राहून घड्याळ बघत होते. "वेळेवर झालं," असं ते आचाऱ्याला म्हणाल्याचं निकिताने ऐकलं.

निघताना मात्र हिराताई रडल्या. मावशी म्हणाली, "पन्नाशी उलटली तरी पाठवणीला रडतेस?" आणि ती स्वतःच रडायला लागली. मच्छिंद्रने गाडीचं दार लावलं आणि तो काचेवर हात ठेवून उभा राहिला. रोहनने गाडी सुरू केली तरी त्याने हात काढला नाही. शेवटी हिराताईंनीच आतून काचेवर बोटाने टकटक केलं, तेव्हा तो बाजूला झाला.

हडपसरला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. बुद्धभूषण मित्राकडे उतरला होता, रोहन आणि निकिता खालूनच परत गेले. दशरथरावांनी कुलूप काढलं आणि हिराताई आत आल्या. जन्मापासून त्या एकाच घरात राहिल्या होत्या. तिथे त्या अंधारातही हात लांबवून नेमकं बटण दाबायच्या. इथे भिंतीवरून हात फिरवत राहिल्या, काही सापडेना.

"थांबा," दशरथराव म्हणाले. त्यांनी दाराजवळचं बटण दाबलं. "हा इथला. हा स्वयंपाकघराचा. हा गॅलरीचा, त्याला जरा जोर लावावा लागतो."

"आणि हा?" हिराताईंनी शेवटचं बटण खालीवर केलं. कुठेच काही लागलं नाही.

"तो कशाचा आहे ते मलाही माहीत नाही," दशरथराव म्हणाले. "इतकी वर्षं झाली, कधी कळलं नाही."

हिराताईंनी ते आणखी एकदा दाबून बघितलं. मग हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली आणि खिडकी उघडली.